लिनक्स टाकताय? आधी चिपचं नाव शोधा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप या अटीत बसत नाहीत. त्यांतल्या कितीतरी लॅपटॉपचा पडदा, कीबोर्ड आणि प्रोसेसर आजही ठणठणीत आहेत. चार जीबी रॅम आणि जुन्या हार्डडिस्कच्या जागी एक एसएसडी एवढ्यावर असा लॅपटॉप शाळकरी मुलाचा अभ्यास, वाचनालयाची नोंदणी किंवा छोट्या दुकानाचा पत्रव्यवहार सहज सांभाळू शकतो. केवळ मुदत संपली म्हणून तो भंगारात जाऊ नये, यासाठी लिनक्स हा उत्तम आणि फुकट मार्ग आहे.

या मार्गावर लोक अडतात ते एकाच ठिकाणी. लिनक्स टाकलं आणि वायफाय चालेना, आवाज येईना, झाकण मिटलं की लॅपटॉप उठेना. मग कोणी सांगतं, ‘अमुक कंपनीच्या लॅपटॉपवर लिनक्स चालत नाही.’ हे निदान जवळजवळ नेहमी चुकीचं असतं. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये कंपनीने वेगवेगळी वायफाय कार्डं घातलेली असू शकतात. लिनक्सचा संबंध कंपनीच्या बिल्ल्याशी येत नाही, तो आतल्या चिपशी येतो. अडलेल्या चिपचं नाव आणि क्रमांक हाती आला की निम्मं काम झालं. ते नाव कसं शोधायचं आणि पुढे काय करायचं, ते क्रमाने पाहू.

उदाहरणासाठी लिनक्स मिंटची २२वी मालिका घेतली आहे. ती उबुंटू २४.०४वर आधारलेली आहे, तिला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत आणि विंडोजवरून येणाऱ्याला ती लवकर अंगवळणी पडते. बहुतेक कामं तिच्या खिडक्यांमधूनच होतात, आज्ञा पाठ करायची गरज फारशी पडत नाही.

चार प्रश्न

लॅपटॉपमधला कोणताही भाग चालत नसेल तर हे चार प्रश्न याच क्रमाने विचारा.

पहिला : तो भाग लिनक्सला दिसतोय का? दिसतच नसेल तर तो बायॉसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद असेल, सैल झाला असेल किंवा बिघडला असेल.

दुसरा : त्याला ड्रायव्हर मिळालाय का? ड्रायव्हर म्हणजे चिप आणि प्रणाली यांच्यामधला दुभाषा. विंडोजमध्ये काही ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून आणून टाकावे लागतात. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच असतात. म्हणून ‘ड्रायव्हर आहे का’ याचा अर्थ पुष्कळदा ‘कर्नल पुरेसा नवा आहे का’ असा होतो.

तिसरा : फर्मवेअर मिळालंय का? वायफाय, ब्लूटूथ आणि ग्राफिक्सच्या पुष्कळ चिप सुरू होताना स्वतःसाठी एक छोटा प्रोग्रॅम मागतात. तो कंपनीचा असतो आणि त्याचा मूळ कोड सहसा खुला नसतो. याच कारणाने डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये तो अनेक वर्षं नसायचा. जून २०२३मध्ये आलेल्या डेबियन १२पासून तो समाविष्ट झाला. मिंट आणि उबुंटूमध्ये तो आधीपासून असतो.

चौथा : तो भाग कुठे अडवून तर ठेवलेला नाही? लॅपटॉपच्या कडेचं वायफायचं बटण, एअरप्लेन मोडची कळ, कॅमेऱ्यावरची सरकती झडप किंवा सिक्युअर बूट या सुरक्षा सोयीने रोखलेला ड्रायव्हर. रात्रभर ड्रायव्हर शोधावा आणि शेवटी कडेचं बटण बंद निघावं, असं खरोखर होतं.

विंडोज पुसण्याआधी

लगेच फॉरमॅट मारू नका. विंडोज सुरू आहे तोवर काही कामं सोपी असतात.

सगळ्या फायलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि दोनचार फायली उघडून बघा. मग बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते तपासा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा. बायॉसमध्ये बदल केल्यावर विंडोज ती मागू शकतं आणि ती नसेल तर फायली कायमच्या बंद होतात. विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी ठेवायचं असेल, तर पॉवरच्या सेटिंगमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि त्याच्या विभाजनावर लिनक्सला लिहिता येत नाही.

कंपनीने बायॉसचं नवं अपडेट दिलं असेल तर तेही आताच टाका. झोपेच्या आणि पंख्याच्या कितीतरी तक्रारी बायॉसमधूनच येतात आणि अनेक कंपन्यांचं अपडेट फक्त विंडोजमधून चालतं. थिंकपॅड, लॅटिट्यूड अशा कार्यालयीन लॅपटॉपचं फर्मवेअर लिनक्समधूनही अद्ययावत करता येतं. एफडब्ल्यूयूपीडी नावाची सोय ते काम करते.

आता चिपचे क्रमांक टिपा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज, डीटेल्स आणि तिथे हार्डवेअर आयडीज असं निवडा. व्हीईएन या अक्षरांनंतर आलेली चार अक्षरं किंवा अंक कंपनी सांगतात आणि डीईव्हीनंतरची चार चिप सांगतात. ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे एथेरॉस, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १०डीई म्हणजे एनव्हीडिया आणि १००२ म्हणजे एएमडी. वायफाय, ग्राफिक्स, आवाज आणि टचपॅड या चारांचे क्रमांक कागदावर लिहा किंवा त्या पडद्याचा मोबाईलने फोटो काढा. पुढे मदत शोधताना हाच आधार होतो.

पेनड्राइव्हवरून चाचणी

लिनक्सची मोठी सोय ही, की लॅपटॉपवर काहीही न टाकता ते पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. रुफस, बलेना एचर किंवा व्हेंटॉय यांपैकी कोणत्याही साधनाने मिंटची प्रतिमा (आयएसओ फाइल) त्यावर लिहा. पेनड्राइव्हवर जे काही असेल ते पुसलं जाईल, हे लक्षात ठेवा.

लॅपटॉप सुरू करताच बूट मेन्यूची कळ दाबावी लागते. डेल आणि लेनोव्होवर ती एफ१२ असते. एचपीवर एस्केप दाबून मग एफ९ दाबायचं. असूसच्या बहुतेक लॅपटॉपवर एस्केप चालते. एसरवरही कळ एफ१२च, पण अनेक एसर लॅपटॉपवर तो मेन्यू आधी बायॉसमध्ये जाऊन सुरू करावा लागतो. लेनोव्होच्या अनेक आयडियापॅडवर कडेला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असतं. त्यातलं नोव्हो बटण दाबलं की हाच मेन्यू येतो.

पेनड्राइव्हवरून मिंट सुरू झालं की ‘इन्स्टॉल’वर बोट ठेवण्याआधी अर्धा तास देऊन ही यादी तपासा :

– वायफायची जवळची नेटवर्क दिसतात का, जोडणी टिकते का
– ब्लूटूथला मोबाईल सापडतो का
– स्पीकर, हेडफोन आणि आतला माइक हे तिन्ही चालतात का
– कॅमेऱ्यात चेहरा दिसतो का
– पडद्याचा उजेड कमीजास्त होतो का, वरच्या कळांनी आवाज बदलतो का
– टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकतं का
– एचडीएमआय केबल लावली की दुसरा पडदा उजळतो का
– झाकण मिटून दहा मिनिटांनी उघडल्यावर सगळं जागच्या जागी असतं का

जे चाललं नाही त्याच्यासाठी मेन्यूतून सिस्टिम रिपोर्ट्स उघडा आणि सिस्टिम इन्फर्मेशनची पाटी बघा. तिथे प्रत्येक भागासमोर चिपचं नाव, ड्रायव्हरचं नाव आणि चिप आयडी असतो. भाग यादीतच नसेल तर पहिला प्रश्न, ड्रायव्हरच्या जागी ‘एन/ए’ असेल तर दुसरा. ड्रायव्हरचं नाव असूनही भाग चालत नसेल तर तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाकडे वळा.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही

साठवणूक इंटेलच्या आरएसटी किंवा रेड पद्धतीवर ठेवलेली असली की इन्स्टॉलरला एसएसडी दिसत नाही. बायॉसमध्ये जाऊन ती एएचसीआय करावी लागते. फक्त लिनक्स ठेवणार असाल तर हा बदल थेट करा. विंडोजही ठेवायचं असेल तर बदलानंतर ते निळा पडदा दाखवून अडेल. ते टाळायचं तर आधी विंडोजमध्ये सिस्टिम कॉन्फिगरेशनच्या बूट पाटीवर सेफ बूट निवडा, लॅपटॉप पुन्हा सुरू करून बायॉसमध्ये एएचसीआय करा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्या आणि मग ती खूण काढा.

अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपवर याच जागी व्हीएमडी नावाचा पर्याय असतो. काही एसर लॅपटॉपवर तो लपवलेला असतो. बायॉसच्या मेन पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबले की तो दिसतो.

वायफाय : सगळ्यात जास्त अडचण इथेच

आधी इंटरनेटची सोय करा, कारण ड्रायव्हर आणायलाच इंटरनेट लागतं. त्यासाठी मोबाईलची यूएसबी केबल पुरते. अँड्रॉइड फोन जोडा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. लिनक्सला तो फोन लॅन केबलसारखा दिसतो आणि कोणताही वेगळा ड्रायव्हर न टाकता जोडणी होते. वायफाय नसलेल्या लॅपटॉपवर ही युक्ती सोन्यासारखी आहे.

आता चिपकडे. इंटेलची वायफाय कार्डं सहसा काही न करता चालतात. एथेरॉसच्या जुन्या कार्डांचाही लौकिक चांगला आहे. ब्रॉडकॉमची गोष्ट वेगळी. बीसीएम ४३१४२सारख्या चिपना कंपनीचा बंद ड्रायव्हर लागतो. २०१३ ते २०१७च्या मॅकबुक एअरमध्येही ब्रॉडकॉमचंच कार्ड आहे. यूएसबी टेदरिंग लावून मेन्यूतलं ड्रायव्हर मॅनेजर उघडा. ते चिप ओळखून योग्य ड्रायव्हर सुचवतं. तो निवडून लॅपटॉप पुन्हा सुरू केला की काम होतं.

रिअलटेकमध्ये बहुतेकदा कर्नलची आवृत्ती निर्णायक ठरते. आरटीएल ८८२१सीईचा ड्रायव्हर कर्नल ५.९पासून आत आला, आरटीएल ८८५२बीईचा ६.२पासून. मिंट २२चा कर्नल ६.८ आहे आणि मिंट २२.२चा ६.१४, त्यामुळे हे दोन्ही त्यात बसतात. जुन्या मार्गदर्शनात या चिपसाठी कुठून तरी कोड उतरवून ड्रायव्हर स्वतः बांधायला सांगितलेलं आढळेल. नव्या कर्नलवर तसं करू नका. असा ड्रायव्हर पुढच्या कर्नल अपडेटला मोडू शकतो आणि मग वायफाय अचानक का गेलं ते कळत नाही.

आरटीएल ८७२३बीई या चिपची एक खास तक्रार आहे : राउटरच्या शेजारी बसूनही सिग्नल क्षीण. काही लॅपटॉपमध्ये कंपनीने एकच अँटेना जोडलेला असतो आणि ड्रायव्हर दुसऱ्या टोकावर ऐकत बसतो. या ड्रायव्हरला ‘एएनटी अंडरस्कोर एसईएल’ नावाचा पर्याय देता येतो. त्याची किंमत १ किंवा २ करून बघायची. ज्या किमतीला सिग्नल भरतो ती कायम ठेवायची.

कार्ड दिसतंय, ड्रायव्हरही आहे, तरी नेटवर्क दिसत नाही, असं झालं तर टर्मिनलमध्ये ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा द्या. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’समोर येस असेल तर प्रणालीतून वायफाय बंद आहे आणि ‘आरएफकिल अनब्लॉक ऑल’ने ते सुटतं. ‘हार्ड ब्लॉक्ड’समोर येस असेल तर बटण, कळ किंवा बायॉस तपासा.

एवढं करूनही जमलं नाही तर हट्ट सोडा आणि कार्ड बदला. बहुतेक लॅपटॉपमध्ये ते एका स्क्रूवर बसवलेलं असतं. साधारण २०१५नंतरच्या लॅपटॉपमध्ये बहुधा एम.२ प्रकारची खाच असते. तशी असेल तर इंटेलचं एएक्स २१० कार्ड बसतं आणि ते एएमडीच्या लॅपटॉपवरही चालतं. एएक्स २०१ किंवा २११ मात्र घेऊ नका. दिसायला ती तशीच असली तरी इंटेलच्या ठरावीक पिढ्यांशिवाय चालत नाहीत. जुन्या लेनोव्हो आणि एचपीच्या काही बायॉसमध्ये मान्य कार्डांची यादी असते आणि बाहेरचं कार्ड लावलं तर लॅपटॉप सुरूच होत नाही. तिथे लिनक्सवर चालणारा छोटा यूएसबी डोंगल बरा.

ग्राफिक्स आणि सिक्युअर बूट

इंटेलच्या आणि एएमडीच्या ग्राफिक्सला सहसा काही करावं लागत नाही. त्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये आहेत आणि ते चांगले आहेत. प्रश्न येतो एनव्हीडियाचा. पेनड्राइव्हवरून सुरू करताना पडदा काळा राहिला तर पहिल्याच मेन्यूत ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडा. त्यात साधं ग्राफिक्स वापरून मिंट उघडतं. इन्स्टॉल झालं की ड्रायव्हर मॅनेजरमधून एनव्हीडियाचा सुचवलेला ड्रायव्हर टाका.

एनव्हीडिया असलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये इंटेल किंवा एएमडीची दुसरी ग्राफिक्स चिपही असते. वाचन, लेखन, व्हिडिओ यांसाठी ती पुरेशी आहे. एनव्हीडिया फक्त गेम किंवा व्हिडिओ संपादनासाठी मागणीनुसार सुरू होईल, अशी सोय ड्रायव्हर टाकल्यावर खालच्या पट्टीत मिळते. त्याने बॅटरी पुष्कळ वाचते. कार्ड फार जुनं असेल आणि त्याला नव्या मिंटवर ड्रायव्हर मिळत नसेल, तर दुसऱ्या चिपवरच काम भागवा.

ड्रायव्हर टाकताना पासवर्ड मागितला तर घाबरू नका. सिक्युअर बूट चालू असलं की लिनक्स सही नसलेला ड्रायव्हर चालू देत नाही. एनव्हीडिया किंवा ब्रॉडकॉमच्या ड्रायव्हरसाठी तुमच्या लॅपटॉपवर एक किल्ली तयार होते आणि ती नोंदवावी लागते. पुन्हा सुरू करताना निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडा, मग ‘कंटिन्यू’, मग ‘येस’ आणि मघाचा पासवर्ड टाइप करा. हा पडदा काही सेकंदच थांबतो. तो निसटला तर ड्रायव्हर टाकलेला असूनही चालत नाही आणि पुष्कळ जण इथेच ‘एनव्हीडिया चालत नाही’ म्हणून सोडून देतात. तो पडदा पुन्हा आणण्यासाठी ड्रायव्हर काढून परत टाकून बघा. मिंट, उबुंटू, फेडोरा आणि डेबियन सिक्युअर बूट चालू ठेवूनही चालतात, म्हणून ते उगाच बंद करू नका.

आवाज

आवाज येत नसेल तर आधी साउंडच्या सेटिंगमध्ये आउटपुट कुठे जातोय ते बघा. एचडीएमआय निवडलेलं असेल तर स्पीकरकडे आवाज जाणारच नाही. तिथे फक्त ‘डमी आउटपुट’ दिसत असेल तर मात्र प्रश्न ड्रायव्हरचा किंवा फर्मवेअरचा आहे. इंटेलच्या अलीकडच्या लॅपटॉपमध्ये माइक आणि स्पीकर एका वेगळ्या ध्वनी प्रोसेसरमार्फत चालतात. त्याला साउंड ओपन फर्मवेअर लागतं. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये ‘एसओएफ’ शोधून फर्मवेअरचं ते पॅकेज टाकलेलं आहे का ते पाहा, नसेल तर टाका आणि कर्नल अद्ययावत करा.

हेडफोन काढल्यावर स्पीकर मुके राहत असतील तर टर्मिनलमध्ये ‘अल्सामिक्सर’ उघडा. तिथे कार्ड निवडून ‘ऑटो म्यूट’ बंद करून बघा आणि एखाद्या पट्टीखाली ‘एमएम’ दिसतंय का तेही पाहा. एमएम म्हणजे ती पट्टी मुकी केलेली आहे. एम दाबलं की ती बोलकी होते.

झोप आणि बॅटरी

झाकण मिटून ठेवलेला लॅपटॉप सकाळी गरम आणि रिकाम्या बॅटरीचा मिळाला, तर झोपेचा प्रकार तपासा. जुन्या पद्धतीत, म्हणजे एस३मध्ये, रॅम सोडून जवळजवळ सगळं बंद होतं. नव्या पद्धतीत, म्हणजे मॉडर्न स्टँडबायमध्ये, लॅपटॉप मोबाईलसारखा अर्धवट जागा राहतो. लिनक्स तिला एस२आयडल म्हणतं. विंडोजसाठी म्हणून पुष्कळ कंपन्यांनी एस३ काढून टाकली. २०१८च्या थिंकपॅड एक्स १ कार्बनमध्ये ती नव्हती, तेव्हा वापरणाऱ्यांच्या तक्रारींनंतर लेनोव्होने बायॉसमध्ये ‘लिनक्स’ नावाचा झोपेचा पर्याय दिला. तुमच्या बायॉसच्या पॉवर पानावर तसा पर्याय आहे का ते आधी पाहा. कर्नलला ‘डीप’ प्रकार उपलब्ध दिसत असेल तरच तो सक्तीने निवडा. नसलेला प्रकार लादून काही मिळत नाही. अशा लॅपटॉपवर रात्री सरळ शटडाउन करावं. एसएसडी असेल तर सकाळी सुरू व्हायला फार वेळ लागत नाही.

बॅटरी जास्त टिकावी म्हणून टीएलपी नावाचं साधन टाकता येतं. मिंटमध्ये पॉवर प्रोफाइलची स्वतःची सोय असते. दोन्ही एकाच वेळी चालवू नका, ती एकमेकांच्या सेटिंग मोडतात. लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच राहत असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवणं बॅटरीच्या आयुष्यासाठी चांगलं. थिंकपॅड आणि असूसच्या अनेक लॅपटॉपवर टीएलपीतून हे करता येतं, आयडियापॅडवर याच कामासाठी कन्झर्व्हेशन मोड असतो.

टचपॅड, कॅमेरा, बोटाचा ठसा

टचपॅडवर टॅप केल्यावर क्लिक होत नसेल तर तो बहुतेकदा फक्त सेटिंगचा प्रश्न असतो. बटण दाबलंच जात नसेल किंवा टचपॅड वर उचललेला दिसत असेल, तर ड्रायव्हर शोधू नका. जुन्या लॅपटॉपमध्ये फुगलेली बॅटरी खालून टचपॅडला रेटते. असा लॅपटॉप लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका आणि बॅटरी बदलून घ्या. हा आगीचा धोका आहे.

यूएसबीवर जोडलेले साधे कॅमेरे जवळजवळ सगळे चालतात. बोटाचा ठसा घेणाऱ्या चिपचं मात्र सांगता येत नाही. काही सिनॅप्टिक्स चिप चालतात, जुन्या व्हॅलिडिटीच्या पुष्कळ चालत नाहीत. ठसा ओळखणाऱ्या लिबएफप्रिंट या सॉफ्टवेअरच्या यादीत तुमचा क्रमांक नसेल तर पासवर्ड वापरा, त्यापायी दिवस घालवू नका.

कर्नल बदलणं आणि मागे येणं

नव्या लॅपटॉपवर काही चालत नसेल तर नवा कर्नल हा पहिला उपाय. मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये ‘व्ह्यू’खाली ‘लिनक्स कर्नल्स’ आहे. तिथून एका क्लिकवर दुसरी आवृत्ती टाकता येते. उलटही होतं : अपडेटनंतर चालणारी गोष्ट थांबते. तेव्हा सुरू होताना येणाऱ्या ग्रब या बूट मेन्यूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडून आधीच्या कर्नलवर जा. म्हणून चालणारा जुना कर्नल कधीही काढू नका. टाइमशिफ्ट हे साधन मिंटमध्ये असतंच. मोठा बदल करण्याआधी त्यातून एक प्रत घ्या, म्हणजे बिघडलं तरी प्रणाली काही मिनिटांत मागे आणता येते. टाइमशिफ्ट मुळात प्रणालीसाठी आहे. तुमच्या फोटोंचा आणि कागदपत्रांचा बॅकअप वेगळा घ्या.

कोणाची मदत घ्यायची झाली तर ‘वायफाय चालत नाही’ एवढंच सांगू नका. मॉडेल, चिप आयडी, कर्नलची आवृत्ती, ड्रायव्हरचं नाव आणि नेमकं काय होतं, हे पाच तपशील द्या. सिस्टिम रिपोर्ट्समधला मजकूर जसाच्या तसा दिला तर जाणकार माणूस पुष्कळदा तो वाचूनच उत्तर सांगतो.

मराठी कीबोर्ड आणि रोजची कामं

मराठीसाठी वेगळं सॉफ्टवेअर शोधायची गरज नाही. कीबोर्डच्या मांडणीत भारतीय भाषांखाली मराठी इनस्क्रिप्ट आहे आणि उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांसाठी ‘कगप’ मांडणीही आहे. युनिकोड मराठी सगळीकडे नीट दिसतं.

काही कामं मात्र विंडोजशी बांधलेली आहेत. टॅली प्राइम लिनक्ससाठी येत नाही. श्रीलिपीवर चालणारं डीटीपीचं काम, डिजिटल सहीच्या टोकनवर चालणारी काही कार्यालयीन कामं आणि जुन्या बिगरयुनिकोड फॉन्टमधल्या फायली यांसाठी विंडोजचं एक यंत्र हाताशी हवं. प्रिंटरही आधी तपासा. एचपीचे बहुतेक चालतात, नवे वायफाय प्रिंटर पुष्कळदा ड्रायव्हरशिवाय चालतात. पण आपल्याकडे कितीतरी ऑफिसांत असलेला कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर त्रास देतो. त्याच्यावाचून चालणारच नसेल तर तो एक लॅपटॉप विंडोजवरच राहू द्या.

नवा किंवा जुना लॅपटॉप घेताना

लिनक्ससाठी लॅपटॉप घेणार असाल तर कंपन्यांनी वापरून विकलेले थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड हा सुरक्षित पर्याय आहे. त्यांत इंटेलचं वायफाय बहुधा असतं, सुटे भाग मिळतात आणि रॅम, एसएसडी सहसा सहज बदलता येते. नवा घेताना कॅमेरा कोणता आहे ते विचारा. इंटेलच्या अलीकडच्या पिढ्यांच्या काही पातळ लॅपटॉपमध्ये यूएसबीऐवजी आयपीयू६ पद्धतीचा कॅमेरा येतो आणि तो लिनक्सवर चालवणं कटकटीचं ठरतं. ‘डॉस’ म्हणून, म्हणजे विंडोजशिवाय, स्वस्तात मिळणारा लॅपटॉप घ्यायला हरकत नाही, फक्त त्यातल्या वायफाय चिपचं नाव आधी काढा.

सगळ्यांत भरवशाचा मार्ग म्हणजे मिंटचा पेनड्राइव्ह खिशात घेऊन दुकानात जाणं, मग ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचं असो की तालुक्याच्या बाजारपेठेतलं. पैसे देण्याआधी त्यावरून लॅपटॉप सुरू करून वरची यादी तिथेच तपासा. दुकानदार तेवढा वेळ देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

एक लॅपटॉप नीट चालू झाला की कोणत्या चिपला काय करावं लागलं, कोणता कर्नल चालला, बायॉसमध्ये काय बदललं, हे एका मराठी टिपणात लिहून ठेवा. पुढच्या वेळी इन्स्टॉल करताना ते तुम्हाला लागेल आणि त्याच मॉडेलचा लॅपटॉप असलेल्या शेजाऱ्याला किंवा गावातल्या शाळेला त्याहून जास्त लागेल. शाळेच्या खोलीत दहा लॅपटॉप सहसा एकाच खरेदीतले असतात. त्यांतल्या एकाचं टिपण तयार असलं की उरलेले नऊ सुरू करायला एक शिक्षक पुरतो.